चपट्या टँकरचं घनफळ

८ फेब्रु., सोमवार
पीपीटी झाली एकदाची. सव्वीस स्लाइड. आठवी ब, घटक: दंडगोलाचं घनफळ. आधी डबा, मग पाइप आणि शेवटी पाण्याचा टँकर. आयडिया माझीच. सध्या बजाजनगरमधल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, टँकर म्हटलं की डोळे उघडतील. टँकरवाले अन्वरचाचा आठवीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेतच (पोरांनीच त्यांना घ्यायला लावलं, टँकर कधी येणार ते कळावं म्हणून). त्यांना फोन करून मापं घेतली: लांबी साडेचार मीटर, रुंदी दोन मीटर. चित्र नेटवरून काढलं. टँकर स्लाइडवर असा वळतो की वहिनी भाजी फोडणीला टाकायची सोडून बघत बसली.
परवा पाठ. मागं आमच्या कॉलेजच्या कुलकर्णी मॅडम (कु.म.) बसणार. बी.एड.चा शेवटचा महिना, आणि कु.म. 'अ' शेरा सहसा कुणाला देत नाहीत.

१० फेब्रु., बुधवार
'अ'!!
प्रोजेक्टर चालला, लाइट गेली नाही, टँकर भिंतीवर गरगर फिरला, पोरांनी आ वासला. त्रिज्या एक, लांबी साडेचार, उत्तर जवळजवळ चौदा हजार लिटर. सगळा वर्ग एका सुरात. कु.म.नी लिहिलं: 'तंत्रज्ञानाचा उत्तम वापर. परिसराशी सांगड.' दादाला फोन केला, तो कंपनीच्या बसमध्ये होता, नीट ऐकूच आलं नाही, तरी दोनदा सांगितलं.
एकच गोष्ट. मधेच दुर्गा उठली. तिसऱ्या बाकावरची, घरचं पाणी भरून येते म्हणून रोज उशिरा. म्हणाली, "मॅडम, टँकर असा नसतोय. चपटा असतोय बाजूनं." मी म्हटलं, आकृती नीट बघ आणि मधे बोलू नकोस. पोरं हसली. ती बसली.
वेळ पाळायची होती. चाळीस मिनिटांत सव्वीस स्लाइड.

११ फेब्रु., गुरुवार
दुर्गाने आज हात वर केला नाही. कालपर्यंत तिचा हात खाली करायला सांगावं लागायचं.
ग्रुपवर कालचं गणित टाकलं होतं. संध्याकाळी चाचांचा मेसेज: 'मॅडम, मेरी टंकी पे दस हजार लिखा है. तुमचे चौदा हजार कुठून आले? वरचे चार आम्हाला पण द्या.' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. पालकांचेही.
तीनदा आकडेमोड तपासली. बरोबर आहे. मग?

१२ फेब्रु., शुक्रवार
सकाळी वहिनीबरोबर हंडे घेऊन खाली गेले. इतके दिवस टँकर यायचा तेव्हा मी कॉलेजात, पाणी भरायची ती. आज पहिल्यांदा टँकरच्या मागं जाऊन उभी राहिले.
चपटा. अंड्यासारखा आडवा. रुंदी दोन मीटर, उंची दीडसुद्धा नाही.
मी रुंदीचाच व्यास धरला होता. आणि चित्र कुठल्या तरी परदेशातल्या गोल टँकरचं. वहिनी म्हणे, "अहो मास्तरीणबाई, हे तर मला पण ठाऊक व्हतं. मला का नाय इचारलं?" आणि हंडा खाली ठेवून हसत सुटली. तिचं बघून रांगही हसली. मलाही हसू आलं, पण वर येऊन तोंड धुताना रडले थोडी. चुकलं त्याचं नाही. कु.म.सारख्या कु.म.नासुद्धा चूक दिसली नाही. जिला दिसली तिला मी बसवलं.
दुर्गा आज आली नाही.

१३ फेब्रु., शनिवार
अर्धी शाळा. वर्गात गेल्या गेल्या सांगून टाकलं: माझं चुकलं. टँकर दुर्गा म्हणाली तसाच आहे. ती बरोबर सांगत होती आणि मी तिला गप्प केलं, ते जास्त चुकलं.
मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे सुटले. दुर्गा वहीच्या कोपऱ्यात पेन फिरवत राहिली. मधल्या सुट्टीत तिला गाठलं. काल का आली नाहीस, तर टँकर उशिरा आला. बाकी नुसतं "व्हय मॅडम", "नाय मॅडम". तिची मैत्रीण नंतर सांगून गेली: "ती म्हणली, वर्गात परत बोलायचंच नाय."
माफी मागितली की झालं असं वाटलं होतं मला. तसं नसतं.

१५ फेब्रु., सोमवार
काय दिवस गेला!
चाचांनी शाळेची टाकी भरायला टँकर आणला, म्हणाले, घ्या मोजून, अर्धा तास तुमचा. अख्खी आठवी ब टँकरला चिकटली. टेपचं एक टोक मी मुद्दाम दुर्गाच्या हातात दिलं. तिने धरलं. बोलली नाही.
मी मागून फोटो काढला. प्रोजेक्टर लावला, पण या वेळी नुसत्या भिंतीवर नाही. भिंतीला चौकोन आखलेला कागद चिकटवला आणि फोटो त्याच्यावर पाडला. माप असं जुळवलं की एक चौकोन म्हणजे दहा सेंमी. पोरांनी पेन्सिलीने टँकरची कड गिरवली आणि चौकोन मोजायला बसली. अर्धे चौकोन धरायचे की नाही यावरून हाणामारी व्हायची बाकी होती. एक गट २१७, दुसरा २२३. मग ठरलं, २२०, म्हणजे २.२ चौ.मी. गुणिले लांबी. नऊ हजार नऊशे!
वर्ग डोक्यावर घेतला. शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले, तेही मोजत बसले. चाचा खिडकीतून म्हणाले, "बाकी के सौ लिटर रस्त्यात सांडते, मॅडम."
मला आज पहिल्यांदा वाटलं, हेच करायचंय मला, जन्मभर. सव्वीस स्लाइडच्या वेळी नव्हतं वाटलं.
दुर्गा चौकोन मोजताना ओठ हलवत होती. आवाज नाही.

१७ फेब्रु., बुधवार
शनिवारी अंतिम पाठ. बाहेरचे परीक्षक येणार. कु.म.ना टँकरचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, "माझंही लक्ष गेलं नाही गं." लगेच पुढं सल्ला: शनिवारी चौकोनाची भानगड नको, डब्याचं घनफळ घे, प्रश्न-उत्तरं दोनदा घोटून घे पोरांकडून, सगळे तेच करतात.
सगळे तेच करतात हे खरंय. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या पाठाला पोरांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं होतं. शिवाय पुढच्या प्रश्नाचंही.
घोटून घेतलं तर दुर्गाचं तोंड कायमचं बंद. नाही घेतलं तर माझं काय व्हायचं ते होईल.

१९ फेब्रु., शुक्रवार
शिवजयंतीची सुट्टी. टाचण तीनदा फाडलं. दादा म्हणाला, कंपनीत पण साहेब येणार असले की मशीन पुसून ठेवतो आम्ही, पण चालवून दाखवावीच लागते ना.
ठरलं. टँकरच घेणार. घोटणार नाही. टाचणात शेवटची दहा मिनिटं कोरी ठेवली: 'विद्यार्थ्यांचे प्रश्न'. प्रश्नच आले नाहीत तर दहा मिनिटं मी काय करणार, देव जाणे.

२० फेब्रु., शनिवार
आजचं आजच लिहिते.
परीक्षक वयस्कर, चष्मा कपाळावर. फाईल टेबलावर उघडी. पाठ बरा झाला. कागद, चौकोन, गुणाकार, सगळं जमलं. मग मी म्हटलं, आता तुम्ही विचारा.
कुणीच नाही. कु.म. घड्याळ बघायला लागल्या. मी मनात वीसपर्यंत मोजलं असेल.
तिसऱ्या बाकावर हात. पूर्ण वर नाही, कानापर्यंत.
"मॅडम, आमच्या गल्लीत उतार हाय. टँकर तिरका उभा राहतो. चाचा वरून काठी घालून बघतेत पाणी किती उरलं ते. पण पाणी तर एका बाजूला गेलेलं असतंय. मंग काठीवर दिसतंय तेवढंच असतंय का?"
मला उत्तर येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. परीक्षकांसमोर, कु.म.समोर म्हटलं, "दुर्गा, मला माहीत नाही." आणि इतका आनंद झाला की हसायलाच लागले.
परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. काठी कुठल्या झाकणातून घालतात, विचारलं. दुर्गा म्हणाली, मागच्या. ते म्हणाले, मग जास्त दिसेल. ती म्हणाली, "उतार कुणीकडं हाय त्याच्यावर हाय ना, सर." ते म्हणाले, बरोबर, आणि उठून फळ्यापाशी आले. बाकीची पोरंही उठली. बाटली आणा, अर्धी भरा, तिरकी धरा. घंटा झाली, कुणी हललं नाही.
परीक्षकांना दुसऱ्या शाळेत जायचं होतं. घाईने निघाले ते गुण न भरताच. कु.म. फाईल घेऊन त्यांच्यामागं धावल्या, दारातून मला खुणा करत होत्या, चल, चल लवकर.
मी गेले नाही. दुर्गा फळ्यावर तिरका टँकर काढत होती, आणि मी नेमकी फळा आणि पोरांच्या मधे उभी होते.
म्हणाली, "मॅडम, जरा सरका ना. त्यांना दिसंना."