बटण दाबल्यावर आवाज

सोमवार, ३ फेब्रुवारी

स्पीच थेरपिस्ट येऊन गेली. वय पंचवीस, केसांची शेपटी, बुटांचे बंद सुटलेले. ह्यांना अर्धांगवायू होऊन अकरा आठवडे झाले, तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून हिने मुलाच्या जुन्या मोबाईलवर एक ॲप घातलं. सहा मोठी बटणं. ह्यांनी डाव्या हाताने दाबायचं, की मोबाईल बोलतो: पाणी, बाथरूम, दुखतंय, बरं वाटतंय, हो, नको. सेटिंग्ज उघडायला चक्राची खूण पाच सेकंद दाबून धरायची आणि एक बेरीज सोडवायची. पेशंटकडून चुकून उघडू नये म्हणे. ह्यांच्याकडून! चमचा धरवत नाही.

ॲपचा आवाज भयंकर. लिफ्ट बोलते तसा. मी एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. माझा आवाज ऐकून तणतणणारे लोक सॉरी म्हणून फोन ठेवत.

संकल्प: सगळी बटणं माझ्या आवाजात. महिन्याभरात हे स्वतः बोलतील आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये जाईल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग पूर्ण. नुसतं 'पाणी' म्हणजे उर्मटपणा. 'जरा पाणी मिळेल का, प्लीज?' असं केलं. शाळेत सिस्टर्सनी आम्हाला असंच मागायला शिकवलं. 'नको' काढून टाकलं. एक्केचाळीस वर्षांत ह्यांनी मला नको म्हटलेलं नाही, आता कशाला ती सवय? त्या जागी 'थँक्यू' घातलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज चौदा वेळा थँक्यू! मी अग्रलेख वाचून दाखवत होते, दुसऱ्याच परिच्छेदाला थँक्यू. सूप भरवताना तीनदा. जिभेच्या व्यायामाला तर एकामागून एक. एवढी कृतज्ञता मनात होती आणि माणूस इतकी वर्षं बोलला नाही.

नणंदेला मुद्दाम फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो आणि थँक्यू? त्याची तब्येत बरी आहे ना?" सख्ख्या भावाबद्दल हे मत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शेपटी आली. "काकू, नको कुठे गेलं?" कारण सांगितलं. तर म्हणते, "मग ते थँक्यूच दाबत असतील. आता पुरे, अशा अर्थाने."

हल्लीच्या मुलींना आभार मानलेले ओळखू येत नाहीत. बुटांचे बंद बांध, पडशील, एवढंच म्हटलं. शुक्रवारपर्यंत 'नको' परत घालीन असं कबूल केलं. घसा मोकळा झाला की लगेच.

सोमवार, १० फेब्रुवारी

नणंद ह्यांना आपल्या घरी न्यायचं म्हणतात. "तुझ्याकडे त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही." मी सांगितलं, श्वासाचे व्यायाम सकाळी साडेसहालाच असतात.

मुलगा मिळमिळीत, बापावर गेलाय. "आई, रविवारी आत्याला घेऊन येतो. बाबांनाच विचारू." विचारा की. मला कसली भीती?

दोन्ही बाजूंना न्याय हवा म्हणून दोन नवी बटणं केली. 'इथेच, माझ्या घरी', हे खास मृदू आवाजात, मोठ्या साहेबांची लाईन जोडताना लावायचे त्या. दुसरं 'ताईकडे'. त्यात शेवटी जरा खोकला आला. पुन्हा रेकॉर्ड केलं नाही, उगाच बॅटरी जाते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सराव. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. 'माझ्या घरी': चाळीसपैकी चाळीस. मधूनच बोट ताईकडे घसरतं, तेव्हा मी हलकेच मनगट धरून जागेवर आणते. तेही बरोबरच धरलं आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, दुपारी ३

आवाज गेला! बटण दाबलं की निळं होतं, पण बोलत नाही. व्हॉल्यूम पूर्ण आहे. त्याच मोबाईलवर बातम्या ठणठणीत ऐकू येतात. फक्त बटणं मुकी.

कंपनीला ईमेल पाठवला. कामाच्या बाईंना विचारलं, ओल्या फडक्याने पुसलात का? "मी कशाला हात लावू?" म्हणाल्या आणि चक्क हसल्या. मुलाला फोन केला. "रविवारी बघतो, आई."

हे मात्र शांत. किती दिवसांनी दुपारी गाढ झोपले. धक्का बसला असणार.

शनिवार, १५ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर नाही. मी अडून बसणारी नव्हे. हे बटण दाबतात, शब्द मी म्हणते. वेळ वाचतो. कधीकधी दाबायच्या आधीच म्हणून टाकते.

संध्याकाळी 'दुखतंय' निळं झाल्यासारखं वाटलं. आवाज नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. सराव पूर्ण केला.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुलाने चक्र दाबून धरलं, नऊ अधिक सात सोडवलं. आत एक ओळ होती: 'बटण दाबल्यावर आवाज'. तिच्यापुढचा स्विच बंद.

हे कोणी केलं, त्याने विचारलं. कामाच्या बाई दारातून म्हणाल्या, "साहेबांनी. गुरुवारी, बाई आंघोळीला गेल्या तेव्हा. मला म्हणाले, गप्प राहा."

"म्हणाले?" मी एकदम उठलेच.

"ओठांवर बोट ठेवलं हो त्यांनी."

हे खिडकीबाहेर बघत होते. नणंद हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या.

आवाज सुरू केला. मुलाने विचारलं, "बाबा, इथेच राहायचंय?"

'थँक्यू.'

बघा, मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. 'थँक्यू. थँक्यू.'

नणंदेने मोबाईल ओढून घेतला, मुलाकडून नवं बटण करून घेतलं आणि बस थांबवावी तशा आवाजात त्यात ओरडल्या: नको! "हं, आता सांग रे राजा. इथे राहायचंय?"

'नको!'

बोट घसरलं, मी म्हटलं आणि मनगट धरायला पुढे झाले. ह्यांनी हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं, आजारी पडल्यापासून प्रथमच असं सरळ. मग आणखी एक बटण दाबलं.

'ताईकडे.' खणखणीत, सुस्पष्ट, माझाच आवाज. खोकल्यासकट.

सोमवार, ३ मार्च

महिना पूर्ण. महिन्याभरात हे बोलतील असं मी लिहिलं होतं. काल बोलले. नणंदेचा फोन होता: "पाणी म्हणाला गं, तोंडाने! सगळ्यांनी ऐकलं."

मी विचारलं, पुढे प्लीज म्हणाले का? त्यांनी सांगितलं की बटणं सगळी आपल्या नातीच्या आवाजात करून घेतली. "तुझं थँक्यू तेवढं राहिलंय. तो ते दाबतच नाही आता."

साडेसहाला जाग येतेच. व्यायाम मी एकटीने चालू ठेवले आहेत, जिभेचेसुद्धा.

सगळी बटणं बदलली आणि माझं तेवढं ठेवलं. दाबत नाहीत, कारण वापरून खराब होईल. वस्तू जपायची सवय ह्यांना पहिल्यापासून आहे.