डाव्या गालाची ट्यूब

मॅडम,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्या हातचं एकही क्रीम आज बाजारात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वाईट बातमी आधी सांगायची सवय तुमचीच. मागच्या महिन्यात कॉलेजात, आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विभागात, व्याख्यान द्यायला गेले होते. तुमच्या केबिनमध्ये आता झेरॉक्सचं मशीन आहे. पोरं हुशार आहेत, क्रीम, लोशन, सिरम यांच्यावर भरभरून बोलतात, पण तुमचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग घरी येऊन हे लिहायला बसले.

मे महिन्यात तुम्ही आमच्या बरण्या कॉलेजच्या गच्चीवर ठेवायला लावायच्या. क्रीम उष्णतेत टिकतं का ते बघायला विभागात गरम कपाट होतं, पण तुमचं म्हणणं, नागपूरच्या उन्हात टिकेल तेच क्रीम, बाकी नुसते नखरे. संध्याकाळी तुम्ही आम्हाला ओळीत उभं करता आणि एकेक झाकण उघडता. माझ्या बरणीत तेल वर आलंय, पाणी खाली बसलंय. "काहून फुटलं?" तुम्ही विचारता. चिडलात की तुमची पुस्तकी भाषा सुटायची आणि वऱ्हाडी बाहेर यायची. मी म्हणते, "माहीत नाही, मॅडम." "तुह्या मायची कढी बी याच्यापेक्षा बरी राहत असन. आन् हे पाह्य, चूप राह्य, पण 'माहीत नाही' असं मह्या लॅबमध्ये म्हणायचं नाही. ज्याले माहीत नाही त्यानं घरी बसावं." सगळे हसले. उमरेडहून आलेली विणकराची मुलगी मी, मीही हसले, कारण न हसून जायचं कुठे? आमची आई कढी फार सुरेख करायची. आणि तुम्ही मात्र खरंच कधी कुठे अडला नाहीत. काहीही विचारा, तुमच्याकडे उत्तर असायचं. कधीकधी चुकीचं असायचं, पण असायचं.

शेवटच्या वर्षी ती चाचणी आली. एका कारखान्याला रंग उजळवणारं क्रीम काढायचं होतं आणि त्यांना चेहरे हवे होते. तुम्ही वर्गावरून नजर फिरवलीत आणि बाजारात वांगी निवडावीत तशा सावळ्या मुली निवडल्यात. "घाबरू नको वं, फुकटात गोरी होशील," मला म्हणालात. प्रत्येकीला दोन ट्यूब, एक डाव्या गालासाठी, एक उजव्या. एकीत औषध घातलेलं क्रीम, दुसरीत तेच क्रीम औषधाशिवाय, म्हणजे साधा बेस. वास सारखा, रंग सारखा. लावणारीला कळलं तर आरशात तिला हवं तेच दिसायला लागतं, म्हणून सांगायचं नाही, हे तुम्ही वर्गात फार छान समजावलं होतं. दर आठवड्याला तुम्ही स्वतः गालाला यंत्र टेकवून रंग मोजायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझा डावा गाल लाल झाला, मग सोलला, मग काळा ठिक्कर पडला. उजवा होता तसाच. एका बाजूने करपलेल्या पोळीसारखी मी दिसायला लागले. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, "काय लावलं ते सांग. औषधानं झालं की बेसमधल्या कशानं, ते कळल्याशिवाय उतारा काय देऊ?" आणि त्याच पंधरवड्यात रामटेकहून पाहुणे मला बघायला यायचे होते. मुलाचा फोटो मी पाहिला होता. मला तो आवडला होता, आणि हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तोंडाला ओढणी बांधून मी तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही चष्मा पुसत होतात, वर पाहिलं नाहीत.

"मॅडम, डाव्या ट्यूबमध्ये काय होतं, तेवढं सांगा. डॉक्टर विचारून राहिले."

"सांगता येणार नाही. अजून बाकीच्यांचं चालू आहे."

"मी कोणाले नाही सांगणार, मॅडम. सांगा ना."

"एका गालापायी सगळा अभ्यास बुडवू काय मी? डावीकडचं बंद कर, उजवीकडचं लावत राह्य. आन् रडू नको, गाल ओला असला की रीडिंग चुकते."

आणि तुम्ही खरंच त्या दिवशी रीडिंग घेतलंत. आधी कापसाने माझा गाल पुसलात, मग यंत्र टेकवलंत. यंत्र थंडगार होतं.

पाहुणे आले त्या दिवशी आईने खुर्ची खिडकीशी अशी तिरपी मांडली की त्यांना माझा उजवा गालच दिसावा. मी पोह्यांच्या प्लेट दिल्या त्यासुद्धा खेकड्यासारखी आडवी चालत. सगळं निभत आलं होतं. मुलाने मला एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, तो हसला. तेवढ्यात त्याची आत्या म्हणाली, "पोरी, जरा इकडे पाह्य बरं." मी पाहिलं. "हे काय झालं वं?" "उन्हानं झालं जी," आई घाईने म्हणाली. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हटलं, "प्रयोग चालू आहे." त्यांनी पोहे मात्र संपवले. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून ते आले होते. आई बरेच दिवस एकच बोलायची, "तुह्या त्या मॅडमले एक शब्द सांगाले काय झालं होतं?" चाचणी संपल्यावर सगळ्यांबरोबर मलाही कळलं की औषध डावीकडेच होतं. तोवर डाग मुरला होता. कारखान्याने ते क्रीम काढलंच नाही. तुम्ही मला सनस्क्रीनची एक ट्यूब भेट दिलीत. तिची मुदत संपलेली होती.

माझं लग्न पुढे झालं, चांगलं झालं. औषधांच्या कंपनीत नोकरीही बरी लागली. पण मी तुम्हाला माफ केलं नाही. मग तुम्ही स्वतःच चालत माझ्याकडे आलात. कर्करोगाच्या किरणोपचाराने भाजलेल्या कातडीसाठी आम्ही मलम बनवत होतो, त्याची चाचणी होती. अर्ध्या रुग्णांना औषधाची ट्यूब, अर्ध्यांना साधी, वर नुसता नंबर. रुग्णालयातल्या बाकावर तुम्ही बसला होतात, छातीपासून गळ्यापर्यंत कातडी सोललेली, केस गेलेले. मला ओळखलंत आणि पहिलं वाक्य काय, तर "गालाचा डाग अजून आहे का गं?" पुढे तुम्हाला येववेना, म्हणून मी दर आठवड्याला हुडकेश्वरला तुमच्या फ्लॅटवर यायचे, जखमा बघायचे, मोजायचे. जखमा भरत नव्हत्या. तुम्ही मलम बोटांवर चोळून बघायच्या आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारायच्या, "मला कोणती आलीय? औषधाची की साधी?" मी म्हणायचे, सांगता येणार नाही, मॅडम. तुम्ही मान हलवायच्या.

शेवटच्या खेपेला तुम्ही माझं मनगट धरलंत. "सांग ना वं. साधी असन तर मी दुसरं काही लावीन. लय आग होऊन राहिली."

मी म्हटलं, "सांगता येणार नाही, मॅडम. अजून बाकीच्यांचं चालू आहे."

शब्द तुमचेच होते. तुम्हाला ते ओळखू आले, मी तुमच्या डोळ्यांत पाहिलं. तुम्ही मनगट सोडलंत, पदर गळ्यापर्यंत ओढलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी जिना उतरले आणि खाली रसवंतीवर उसाचा रस प्यायले. गोड लागला. पुढच्या आठवड्यात मोजायला तुम्ही नव्हता.

चाचणी संपल्यावर नंबर उघडले. तुमची ट्यूब साधी होती. पण तुम्ही विचारत होतात तेव्हा ते फक्त नंबर टाकणाऱ्या माणसाला ठाऊक होतं, आणि तो दुसऱ्या शहरात बसायचा. मोजणाऱ्यालाही कळू द्यायचं नसतं, हा नियम फळ्यावर तुम्हीच लिहिला होता. मग त्या दिवशी केबिनमध्ये तुम्हाला तरी माहीत होतं का, मॅडम? माझ्या गालाला यंत्र तुम्हीच टेकवायच्या. मी इतकी वर्षं धरून चालले की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला एखादी गोष्ट माहीत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता विचारायला तुम्ही नाही, आणि हुडकेश्वरच्या त्या फ्लॅटमध्ये दुसरं कुणी राहतं, तेव्हा हे पत्र जाणार कुठे? इथेच राहील. लोकांना मी सांगते की नियम म्हणजे नियम, म्हणून मी गप्प राहिले. तसं नव्हतं. मला माहीत आहे आणि मी सांगत नाही, असं तुम्हाला वाटायला हवं होतं.

मला माहीत नव्हतं, मॅडम.