गोड माती

४ नोव्हेंबर
आले एकदाची निपाणीला! तंबाखूच्या जुन्या वखारीत आता ई-कचरा मोडायचं केंद्र आहे आणि सुरक्षा अधिकारी म्हणून मी, पारमिता. पाचवा महिना लागलाय, म्हणून बेळगावातून निघताना दीपंकरनं तोंड फुगवलं होतं. पण इथलं काम बघून नवरोबा निवळले. हातमोजे, मास्क, बॅटऱ्या वेगळ्या, पडदे वेगळे, वायरी जाळणं कुठंही नाही. मालक मारुतीराव परवान्याची पाटी रोज देव पुसावेत तशी पुसतात. वखारीला लागूनच मला खोली दिलीय, ताजी लिंपलेली.

९ नोव्हेंबर
स्वयंपाकाला बाळाबाई येते. फार मायाळू. ती अंगणात सडा मारते तेव्हा ओल्या मातीच्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं. लाजत लाजत सांगितलं, तर हसून म्हणाली, व्हय गं बाय, डोहाळं हायती, न्हाय पुरवलं तर लेकराचं कान फुटत्यात. आणि मागच्या परसातून वाटीभर माती घेऊन आली. शिकलेली बाई आणि माती खातेय! कुणाला सांगायची सोय नाही. पण काय चव! गोडसर.

१७ नोव्हेंबर
आता रोज एक वाटी लागते. पोटात कळा येतात, तोंडात नाणं धरल्यासारखं वाटतं. दीपंकरवर फोनवर उगाच ओरडले. माती पोटात गेली की बाळ मात्र छान लाथा मारतं, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

२३ नोव्हेंबर
आज बाळाबाईच्या मागोमाग परसात गेले. तिच्या खुरप्याबरोबर जळकी वायर वर आली, मग सर्किटचे हिरवे तुकडे. मारुतीरावांना जाब विचारला. म्हणाले, परवाना यायच्या आधी हितंच जाळत हुतो, ॲसिड बी हितंच वतायचो, आता समदं पुरलंय, काळजी नगं. पुरलंय! आणि मी ते वाटीनं — सर्किटांतल्या शिशाचे क्षार गोड लागतात, ते आईच्या रक्तातून बाळाकडे जातात, हे कामगारांना मीच शिकवते. भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय.

२६ नोव्हेंबर
बेळगाव. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी कणभरही पोटात जाता कामा नये, नाहीतर बाळ हाती लागणार नाही. दीपंकर रडला. मी त्याच्या चपलांना लागलेली माती बघत होते.

२८ नोव्हेंबर
सामान न्यायला निपाणीत आलोय. दीपंकर टेम्पो आणायला गेला. मी खोलीत थांबते, बाहेरून कडी घाल, असं मीच त्याला सांगितलं. माझा भरवसा नाही. बाळाबाईला सगळं कळलंय, ती दाराबाहेर बसून रडतेय.

दुपार
उजवं मनगट उचलत नाही. शिसंच हे. डाव्या हातानं लिहितेय —
बाळ सकाळपासून हललं नाही. हल ना रे.
बाळाबाईला दारातूनच विचारलं, खोली कशानं लिंपली होती. म्हणाली, परसातल्याच मातीनं —
चारी भिंती. वास. दीपंकर, लवकर —
नखात आलीय. पुसून टाकते. पुसते —
माती खाल्ली की हलायचा. नेहमी हलायचा. नुसतं जिभेचं टोक, बाळा, तू हललास की लगेच मी —