डाग की दीर्घिका, ते एकदा ठरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख साहेब,
अंधुक दीर्घिका पडताळणी कक्ष,
पश्चिम आकाश निरीक्षण केंद्र.

विषय: नातीला सापडलेल्या ठिपक्यावर मोठी दुर्बीण लावून मिळण्याबाबत.
संदर्भ: आपला ईमेल, शेरा 'स्वरूप अनिश्चित'.

महोदय,

अर्ज करते की, मी जानकी परब, राहणार दिंडोशी. माझी नात श्रुतिका तुमच्या केंद्राने पाठवलेले आकाशाचे फोटो घरी बसून तपासते. त्यात तिला एक पुसट ठिपका दिसला. म्हणाली, "आजी, ही बटू दीर्घिका असेल, म्हणजे छोटीशी आकाशगंगा. नाहीतर लांबची मोठी असेल. नाहीतर नुसता कॅमेऱ्याचा डाग." यातलं पहिलं मी खाली चक्कीवर सांगितलं. बाकीचं राहिलं, कारण तेवढ्यात माझं दळण झालं.

२. चक्कीवरून बातमी आमच्या वॉर्डातल्या मार्तंड कार्यकर्त्याकडे गेली. संध्याकाळी गेटवर बॅनर. श्रुतिकाचा फोटो बोराएवढा, त्याच्या साहेबांचा कलिंगडाएवढा. खाली, 'साहेबांच्या प्रयत्नांनी वॉर्डाला आकाशगंगा मंजूर.' आता बी विंगच्या माणिकताई विचारतात, तिथे पाणी किती वाजता येतं.

३. आमच्या गावीही असंच झालेलं. समुद्रात दिवा दिसला. जवळची होडी की लांबचं जहाज, यावर सगळा गाव भांडला. शेवटी माझे चुलत सासरे होडी घेऊन बघायला गेले, ते रत्नागिरीहून बायको घेऊन परतले आणि दिव्याचं विसरले. आपल्या माणसांचं तसं काही झालं असल्यास कळवावं, आम्ही आहेर पाठवू.

४. पण पोरगी आता मागच्या जिन्याने ये-जा करते. म्हणते, अनिश्चित ठिपके महिनाअखेरीस यादीतून गळतात, मग कोणी बघत नाही. मी म्हटलं, "गळू दे गं. सांगू लोकांना, होती, पण फुटली." ती हसली नाही. म्हणाली, "आजी, मला थाप नकोय. डाग तर डाग, पण मला कळू दे ना."

तरी गळायच्या आत एकदा मोठी दुर्बीण लावावी. आतले तारे सुटे सुटे दिसले तर जवळची आणि छोटी, एवढं तिने मला शिकवलंय. जे निघेल ते तिलाच कळवावं, मला नको. साहेब, खोटं हवं असतं तर आपल्याला त्रास दिला नसता. ते घरात भरपूर आहे.

आपली, या कामापुरती नम्र,
जानकी परब
दि. ९ जानेवारी २०२५

सोबत: ठिपक्याचा फोटो. कडेचा डाग माझ्या कडबोळ्याचा आहे, तो तपासू नये.