घोडेवाल्याचं गाणं

रविवार, दिवेलागण. पुंडलिकनगर.

आज लासूर स्टेशनला गेलो होतो, ऑफिसातल्या दिनकरच्या घरी. त्याला जाऊन वर्ष झालं. सामान आवरताना माझ्या अक्षरात नाव लिहिलेली कॅसेट सापडली, म्हणून वहिनींनी बोलावलं होतं.

अमेरिकेतल्या गावाकडची, घोड्यावरून गुरं राखणाऱ्यांची गाणी. कंट्री म्हणतात त्यांना. ती मला आवडतात, हे या शहरात मी कुणाला सांगत नाही, लोक हसतात. दिनकर सगळ्यांत जास्त हसायचा. वर्तमानपत्राच्या ऑफिसात मी हेडफोन लावले की पलीकडच्या टेबलावरून विचारायचा, "काय साहेब, घोडेवाला परत रडायला लागला का?" कॅसेटही त्याने चिडवायलाच नेली, असं मी धरून चाललो होतो.

वहिनींनी ती टेपवर लावली. पहिलंच गाणं ऐकून म्हणाल्या, "अगं बाई, हे व्हय! हे तर ते म्हशीची धार काढताना रोज गुणगुणायचे. मला वाटायचं, भजनच हाय. आता मलाच म्हणावं लागतंय. त्याबिगर ती पान्हाच सोडत नाय."

मग हळूच विचारलं, "भाऊजी, अर्थ काय हो याचा?"

घरापासून लांब गेलेल्या माणसाला खिडकीतला दिवा आठवतो, एवढंच सांगितलं.

इतकी वर्षं मी एकटाच ऐकतोय असं समजत होतो. एकदा तरी सांगायचं त्याने! की मीच कधी विचारलं नाही?

कॅसेट तिथंच ठेवून आलो. आता मोबाइलवर तेच गाणं लावलंय, हेडफोनशिवाय, मोठ्या आवाजात. कुणीतरी विचारावं, घोडेवाला परत रडायला लागला का.