भाड्याच्या गाडीची पूजा

मांडवगण फराटा, ता. शिरूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहल हिला आण्णांचे आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण तोंड व्यवस्थित चालू आहे. सत्यजीतच्या उसाला अजून तोड आलेली नाही, म्हणून तुझा भाऊ सगळ्यांवर खेकसत फिरतो. तिकडे जर्मनीत गारठा फार असेल. कंपनीने चार महिने पाठवलं खरं, पण खायचे हालच झाले असतील. व्हिडिओवर तू आईला भात दाखवलास, तो मी लांबून बघितला. फार आसट झाला होता.

तू सोळा तारखेला येणार असं आई म्हणाली. हे पत्र तुझ्या दौंडच्या फ्लॅटवर पाठवतोय, म्हणजे दार उघडशील तेव्हा आत पडलेलं असेल. फोन का केला नाही असं विचारशील. दोन वर्षं आपण दोघं आईच्या तोंडून बोलतोय. माझ्यासमोर बसून तू तिला म्हणतेस, "आई, आण्णांना विचार चहा घेणार का," आणि मीही म्हणतो, "सांग तिला, अर्धा कप." अशा माणसाने एकदम फोनवर काय बोलायचं? एसटीत असताना गाडी डेपोत लावली की तिच्यातले दोष लिहून द्यावे लागायचे. ब्रेक ओढतो, आरसा हलतो, जे असेल ते. पुढच्या ड्रायव्हरपासून काही लपवायचं नाही. तसंच लिहायला बसलोय.

आधी गाडीचं सांगतो.

जुलैत तू ती लाल गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली लावलीस, चावी आईच्या हातात दिलीस आणि सोबत एक कागद दिलास. टायरमध्ये हवा किती. आठवड्यातून अर्धा तास तरी फिरवायची, नाहीतर बॅटरी बसते. पेट्रोल ते महागाचंच. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. दोन वर्षांत तीस हजार किलोमीटरच्या वर जायचं नाही. गाडीत काहीही बदल करायचा नाही. आणि पंचवीस नोव्हेंबरला भाड्याची मुदत संपते, तेव्हा कंपनीला तपासून परत द्यायची आहे. तुझ्या आईला सायकलसुद्धा येत नाही. तिने तो कागद देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. कागद कुणासाठी होता ते मला समजलं, पण समजल्याचं मी दाखवलं नाही.

पहिले पंधरा दिवस मी गाडी नुसती पत्र्याखालीच मागेपुढे करून बंद करत होतो. म्हैस मागून गेली की गाडी टीं टीं ओरडायची, आणि गाडी ओरडली की म्हैस दावं तोडायला बघायची. शेवटी आई म्हणाली, "आवो, त्या दोघींचं भांडण लावण्यापरीस जरा बाहीर न्या तिला." मग न्हावऱ्यापर्यंत नेली.

पहिल्याच गतिरोधकाला पोट घासलं. आपल्याकडे ज्याला त्याला आपल्या दारात गतिरोधक पाहिजे असतो, आणि मी एसटीच्या सवयीने सरळ चढवली. खालून खर्र झालं. रस्त्यात पालथा पडून बघितलं, वीतभर ओरखडा आहे. हा पहिला दोष. आता मी तिरकी घेतो, एकेक चाक सावकाश उतरवतो. तिचे टायर इतके पातळ आहेत की खड्ड्यात गेली तर चाकालाच मार बसेल, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याला मी तिला नेतच नाही. पेट्रोल मात्र इथे मिळत नाही, त्यासाठी चौफुल्याच्या पुढे जावं लागतं. पेट्रोल भरायला जाण्यातच पेट्रोल जातं. ही गाडी ठेवायची म्हणजे घरात एक लाडकं पोर ठेवल्यासारखं आहे.

दुसरा दोष किलोमीटरचा. तू गेल्यापासून एकोणीसशे किलोमीटर झालेत. तीस हजारांच्या आत आहोत, पण काठावर. आईला दोनदा केडगावला नेलं असेल. बाकीचे सगळे माझे एकट्याचे.

कुठे गेलो म्हणशील, तर कुठेच नाही. सप्टेंबरात एकदा पेट्रोल भरून सोलापूर रोडला लागलो. दुपारची वेळ होती, रस्ता मोकळा होता. एसटीला ऐंशीच्या वर जाऊ न देणारं यंत्र असायचं, आणि चढाला पाय फळीला टेकवला तरी गाडी आधी विचार करायची, मग हलायची. तुझ्या गाडीला मी पाय नुसता लावला आणि ती निघालीसुद्धा. काटा नव्वदवर, मग शंभरवर. मी घाबरून पाय काढला आणि एकटाच मोठ्याने हसलो. पासष्ट वर्षांचा माणूस. मग पुन्हा दाबला.

गावात सगळे म्हणत होते की एवढ्या हप्त्यात पांढरी मोठी गाडी आली असती, सात माणसं बसली असती. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणत होतो. पण सात माणसं बसवायला तू ती घेतलीच नव्हतीस. आठ-आठ तास त्या कुरकुंभच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या तपासायच्या, वरच्या साहेबांचं ऐकायचं, घरी आमचं ऐकायचं. आपण सांगितलं की लगेच ऐकणारं एक तरी काही असावं, असं तुला वाटलं असेल. मला ते त्या दिवशी रस्त्यावर कळलं. एकोणीसशे किलोमीटर त्यातच गेले.

दौंडला स्टेशनबाहेर चहा प्यायला थांबलो होतो, तिथला एक रिक्षावाला गाडीभोवती फिरून माझ्याकडे आला.

"मॅडमची गाडी ना ही? कुरकुंभच्या मॅडमची? तुमी कोन?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "डायवर हाय त्यांचा."

तो म्हणाला, "मंग काका, तुमी त्यांच्याकडनं शिका. लय सफाई हाय हाताला. ट्रॉलीच्या मागनं अशा काढत्यात, हॉर्नसुदिक वाजवत न्हाईत."

मी चहा तसाच ठेवला. बाप आहे असं सांगितलं नाही. बहुतेक लाज वाटली, आणि ती तुझी नव्हे.

आता तिसरा दोष. हा वाचताना खुर्चीवर बस.

दसऱ्याला सकाळी मी सवयीने उठलो आणि गाडी धुतली. झेंडूचा हार करून पुढे बांधला, टिळा लावला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आई स्वयंपाकघरातून बघत होती. नारळ फोडायला हात वर केला आणि तसाच थांबलो. मला दोन वर्षांपूर्वीचा दिवाळीचा पाडवा आठवला.

तू हीच गाडी घेऊन आली होतीस. नवी साडी नेसली होतीस. आई ताट घेऊन बाहेर आली, शेजारपाजारचे जमले. मी आतून उठलो नाही. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "भाड्याच्या गाडीला कसली आली पूजा? मुदत सपली की वढून न्हेतील. दुसऱ्याच्या मालाला हार घालून काय मिरवायचं?" तू आत आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि न जेवता दौंडला निघून गेलीस.

स्नेहल, मी शिरूर डेपोत एकतीस वर्षं गाडी चालवली. शिरूर–दौंड तर इतक्या वेळा केली की रस्त्यातली कुत्री मला ओळखायची. दर दसऱ्याला मी पहाटे डेपोत जाऊन गाडी धुतली, पदरच्या पैशांनी हार आणला, नारळ फोडला आणि डेपोभर पेढे वाटले. त्यातली एकही गाडी माझी नव्हती. महामंडळाच्या गाड्या त्या. संध्याकाळी दुसरा ड्रायव्हर घेऊन जायचा. तरी हार घालताना कधी मनात आलं नाही की ही दुसऱ्याची आहे. जी आपल्याला नेते-आणते, जिच्या भरवशावर आपलं घर चालतं, तिच्यापुढे हात जोडायचे, एवढंच माहीत होतं. आणि लेकीने आपल्या पगारातून गाडी दारात आणली, तेव्हा मी कागद कुणाच्या नावावर आहे ते बघत बसलो.

नारळ फोडला. मग मला राहवेना. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून घरातली जुनी घोड्याची नाल घेतली आणि तात्याबाच्या गॅरेजवर गेलो. तात्याबा म्हणाला, "म्होरं बंपरला लावू, शोभून दिसंल. बारीक भोकं पाडतो, कुनाला कळायचं बी न्हाई." दोन भोकं पाडली आणि नाल घट्ट बसवली. मी एवढा खूश होतो की घरी येऊन बासुंदी मागितली.

संध्याकाळी सत्यजीतने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आण्णा, ह्ये काय क्येलं? गाडीत काय बी बदल करायचा न्हाई म्हनून लिवलंय की! परत देताना धरत्याल न्हवं ताईला!" मी कागदातली ती ओळ वाचली होती. पण बदल म्हणजे इंजिन, सीट असं काहीतरी असेल असं मला वाटलं. नाल म्हणजे बदल होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नाल काय, गाडीला असायचीच.

मी गुपचूप पुण्याला सर्व्हिस सेंटरवर गेलो. म्हटलं, बंपरच नवा घालू, तुला कळायलाही नको. तिथली मुलगी फार गोड बोलली, पण म्हणाली, "काका, गाडी तुमच्या नावावर नाही आणि मॅडमच्याही नावावर नाही, भाड्याने देणाऱ्या कंपनीची आहे. मॅडमनी त्यांना कळवल्याशिवाय आम्हाला हात लावता येणार नाही." म्हणजे तुला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. तू आलीस की आधी त्यांना खरं ते कळव. वडिलांनी केलं म्हणून सांग, हवं तर मी सही करून देतो. खर्च माझ्या पेन्शनमधून होईल, त्यावरून वाद घालू नकोस. तात्याबालाही काही बोलू नकोस, त्याचा दोष नाही.

दोष संपले असं लिहिणार होतो. पण एक राहिला आणि तो सगळ्यांत जुना आहे.

सत्यजीतला मी चौदाव्या वर्षी स्टेअरिंगवर बसवलं. अर्ध्या गावाची पोरं माझ्या हाताखाली शिकली. तू कॉलेजात असताना एकदा म्हणालीस, "आण्णा, मला शिकवा ना." मी काय म्हणालो तुला आठवत असेलच. "तुला कुठं जायचंय?" एवढंच म्हणालो आणि पेपर वाचायला लागलो. तू पुन्हा विचारलं नाहीस. नंतर दौंडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फी भरून शिकलीस, आणि तेसुद्धा मला लायसन्स आल्यावर आईकडून समजलं. ड्रायव्हरच्या पोरीने फी भरून गाडी शिकावी! पाडव्याला मी जे बोललो ते रागाने बोललो असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत होतो. पण राग तुझ्या भाड्याच्या गाडीचा नव्हता. तू माझ्याशिवाय शिकलीस आणि माझ्यापेक्षा पुढे गेलीस, ते मला सोसलं नाही. हे लिहायला मला सकाळपासून चार कागद लागलेत.

माझं चुकलं, पोरी. पाडव्याला चुकलं आणि त्याच्या आधीही चुकलं. चारचौघांत बोललो होतो, तर चारचौघांत माफी मागायचीही माझी तयारी आहे.

आता एक मागणं आहे. गाडी पंचवीसला परत जाईल. पुढे तू दुसरी घे, हीच वाढवून घे, भाड्याने घे नाहीतर विकत घे, मी तोंड उघडणार नाही. पण ही जायच्या आधी एकदा मला शेजारी बसव आणि दौंडपर्यंत ने. तुझा हात सगळ्या दौंडने बघितलाय, मी बघितलेला नाही. मी काही शिकवणार नाही. पुढे ट्रॉली आली तरी माझ्या बाजूने पाय दाबणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन. जोरात न्यायची असेल तर जोरात ने. मला फक्त तू चालवताना बघायचं आहे.

नेशील का? नाही म्हणालीस तरी चालेल, मी समजून घेईन. पण जे काही असेल ते आईजवळ सांगू नकोस, स्नेहल. मला सांग.

तुझ्या आवाजाची वाट बघणारा,
तुझा बाप
सावळाराम