शेऱ्याला जागा नाही

१ एप्रिल, बुधवार

लेझरचा लाल ठिपका तिसऱ्या ट्रेवर ठेवला. सुभद्रा सिस्टरचा हात ठिपक्यामागे गेला आणि बरोबर तोच साचा उचलला. "पुढचा?" ठिपका सरकवला. ऑपरेशन थिएटरमध्ये मला कशालाही हात लावायची परवानगी नाही. टेबलापासून लांब, भिंतीपाशी, लेझर घेऊन उभं राहायचं. डॉक्टर अडले तर माप सांगायचं. कृत्रिम गुडघे विकणारीचं काम एवढंच. पाच तास लागले तरी बसायचं नाही.

सव्वाबाराला बाहेर. लॉकरमधून मोबाईल काढला. कंपनीचं ॲप पुढे जाईना. पडदाभर एकच मजकूर. या वर्षाचं लक्ष्य: १६० गुडघे. खाली ओळ: "मी हे लक्ष्य स्वेच्छेने स्वीकारत आहे." त्याखाली हिरवं बटण. नाकारायचं बटण नाही. बटण दाबल्याशिवाय हजेरी लागत नाही.

गेल्या वर्षी लक्ष्य ११० होतं. मी ११२ केले. त्याचं हे बक्षीस!

दाबलं नाही.

२ एप्रिल

उन्मेषचा फोन. तो माझा साहेब, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. "नूपुर, बटण दाबलं नाहीस. यादीत तुझं नाव पिवळं दिसतंय."

म्हटलं, माझ्याकडे दोन हॉस्पिटलं. त्यातलं परळचं मोठं थिएटर दुरुस्तीसाठी सहा महिने बंद. बंद थिएटरात कोणाचा गुडघा बदलू?

"क्रिएटिव्ह हो."

"माणसाला गुडघे दोनच असतात, उन्मेष."

"एक्झॅक्टली. तुझ्या गेल्या वर्षीच्या प्रत्येक पेशंटचा एक अजून शिल्लक आहे. तसा विचार कर ना."

तो विनोद करत नव्हता.

३ एप्रिल

हिशेब लिहून ठेवते, म्हणजे रागात वाढवून सांगितला असं नको. पगाराचा तिसरा हिस्सा या वर्षीपासून लक्ष्याला बांधलाय. ऐंशी टक्के गाठले तर तो सुरू होणार. म्हणजे १२८ गुडघ्यांच्या खाली त्यातलं काही नाही. गेल्या वर्षीइतकंच काम केलं, तर गेल्या वर्षीच्या दोन तृतीयांश पगार. आणि वर मीच लिहून द्यायचं — स्वेच्छेने!

१६० वर माझं भांडण नाही. मोठे आकडे मी पाहिलेत. भांडण त्या एका शब्दाशी आहे.

६ एप्रिल, सोमवार

पुन्हा ऑपरेशन थिएटर. दोन केस. ॲपच्या मते मी गैरहजर.

दुपारी उन्मेषचा फोन: "उद्याच्या ऑपरेशनचा सेट पोचला का?" म्हटलं, गैरहजर बाईला विचारतोयस. तो म्हणाला, "पोचला का, ते सांग."

पोचला होता.

७ एप्रिल

गौतम भेटला. आमच्याच कंपनीचा, दादरची हॉस्पिटलं त्याच्याकडे. लालबागचा पोरगा, बाईकवरच जेवतो.

"ताई, मी सिग्नलला दाबलं. वाचलंपण नाय."

"तुझं लक्ष्य किती?"

त्याने मोबाईल काढून बघितलं. "आयला!" मोबाईल परत खिशात घातला. निघताना म्हणाला, "तरी दाब गं. मार्चमध्ये सगळे मिळून रडू."

मी म्हटलं, मला एप्रिलमध्येच रडू येतंय, आणि तेही नको आहे.

१० एप्रिल

गिरगावातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट बंद. चार मजले चढले. कमरेला पट्टा.

आई म्हणाली, "दाबून टाक की एकदाचं. सगळं जग दाबतंय. घर कशावर चालतं, विसरलीस?"

विसरले नाही. माझ्या पगारावर आणि तिच्या पेन्शनवर. पेन्शनमध्ये तिची औषधं आणि दूध बसतं. बाकी सगळं मी.

भात जास्त वाढून घेतला.

११ एप्रिल

काम बंद का नाही करत? हा प्रश्न मलाच पडतो. टेबलावरच्या बाईचं माप चुकलं तर ती दहा वर्षं लंगडेल, आणि तिने कुठलंही बटण दाबलेलं नाही. मी काम नाकारलेलं नाही. सही नाकारली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. रोज.

१५ एप्रिल, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "दाखव बघू ते काय आहे." तिने चौतीस वर्षं विमा कचेरीत काढली. चष्मा लावला, मोबाईल हातात घेतला, मजकूर दोनदा वाचला. मग पडद्यावर बोट फिरवायला लागली. वर. खाली. पुन्हा वर.

"काय शोधतेस?"

"शेरा कुठे लिहायचा?"

"कसला शेरा?"

"अगं, आमच्याकडे मेमो आला की घ्यावाच लागायचा. पण सहीच्या वर आपण लिहायचो — मजकूर अमान्य, केवळ मिळाल्याबद्दल सही. साहेब कितीही मोठा असो, ते खोडायची त्याची टाप नव्हती. कुलकर्णीबाईंनी तर एकदा बदलीच्या हुकुमावर अख्खा परिच्छेद लिहिला होता! इथे जागा कुठेय?"

"नाही आहे."

"समासात?"

"समास नाही, आई."

तिने चष्मा काढला. मी तिला इतकं चिडलेलं बाबांच्या आजारपणातही पाहिलं नव्हतं. "शेऱ्याला जागा नाही? मग हा कागद कसला? ही तर कबुली झाली!"

मोबाईल उलटा ठेवला. लांब सारला.

"नाही दाबायचं," म्हणाली.

१६ एप्रिल

आईच्या सांगण्यावरून कंपनीला पत्र लिहिलं. चार ओळी. "लक्ष्याचा मजकूर मिळाला. तो अमान्य आहे. मी १ एप्रिलपासून रोज कामावर आहे." आईने त्यातलं "कृपया" काढलं. मी परत घातलं. तिने परत काढलं.

पाठवलं. उत्तर नाही.

२० एप्रिल

सुभद्रा सिस्टर हात धुताना म्हणाली, "काय गं, तू आहेस की नाहीस? तुझ्या ऑफिसातून फोन होता. नूपुर रोज येते का, विचारत होते."

"मग?"

"मग काय! म्हटलं, येते आणि पुढच्या आठवड्यात पण येऊ दे. नवीन कोणाला तरी पाठवाल आणि आमचे डॉक्टर माझ्या डोक्यावर ट्रे आपटतील."

थिएटरमध्ये शिरणाऱ्या बाहेरच्या प्रत्येकाची तिथे वहीत नोंद होते. माझं नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. तिने परवानगी काढून पानांचे फोटो घेऊ दिले. चौदा दिवस. सहा गुडघे, बाकीचे दिवस सेट पोचवायला आणि तपासायला.

२४ एप्रिल, शुक्रवार

पगाराची चिठ्ठी आली. हजर दिवस: ०.

आईने पाहिली. म्हणाली, "उद्यापासून मासे बंद." मग थोड्या वेळाने, आतून: "सोमवारी सुकट आणते. सुकट म्हणजे मासे नव्हेत."

२८ एप्रिल, मंगळवार

लोअर परळच्या ऑफिसात बोलावलं. काचेची खोली. उन्मेष, आणि मुख्य कार्यालयातून आलेल्या अक्षदा मॅडम. गोड आवाज. माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

मी वहीचे फोटो दाखवले. त्यांनी पाहिले नाहीत असं नाही. पाहिले आणि बाजूला ठेवले.

"नूपुर, तू चांगली एम्प्लॉयी आहेस. कामाबद्दल तक्रारच नाही. प्रोसेसबद्दल आहे."

"बटणाखाली एक रिकामी ओळ द्या. मी त्यात 'अमान्य' लिहीन आणि लगेच दाबीन."

उन्मेष खाली बघायला लागला. मला वाटतं, हसू दाबत होता.

अक्षदा मॅडम म्हणाल्या, "देशभरात आपले नऊशे लोक आहेत. सगळ्यांनी स्वीकारलं. तू एकटी राहिलीस. एकटी. याचा अर्थ काय असेल, याचा तूच विचार कर." उद्या सकाळी आठला अंतिम सूचना येईल. त्यानंतर सात दिवस. मग नोकरी संपली.

पाणी प्यायले नाही. तेवढं तरी!

जिन्यात उन्मेष मागून आला. "अगं, दाब ना. माझंही लक्ष्य असतं — शंभर टक्के स्वीकृती. तुझ्यामुळे माझा बोनस अडकलाय."

"तू तुझं दाबलंस?"

"पहिल्या दिवशी. नऊ वाजून एक मिनिटाने." असं म्हणाला, जसं काही कोणी त्याला पकडलंय.

घरी चालत आले. सगळा रस्ता. नऊशेत एकटी. इतके दिवस मला वाटत होतं की मी बरोबर आहे. आठशे नव्याण्णव माणसं मूर्ख नसतात. त्यांना घरं आहेत, आया आहेत, त्यांनाही वाचता येतं. मग मला काय विशेष दिसलं? की मी फक्त हट्टी आहे, आणि त्याला शब्दाचं निमित्त?

ॲप उघडून अंगठा बटणावर धरला. टेकवला नाही, धरला. आई समोर लसूण सोलत होती. बघतही नव्हती.

अंगठा काढला.

बरोबर आहे म्हणून काढला, असं लिहिणार नाही. माझी स्वेच्छा नव्हती, एवढंच. आणि ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

२९ एप्रिल, बुधवार

आठला अंतिम सूचना मेलवर आली. पाठवणाऱ्याकडून बाकीच्यांचे पत्ते झाकायचे राहिले. माझ्या नावाच्या मागेपुढे नावंच नावं. आईने चष्मा लावून मोजली: एकशे एकेचाळीस.

आठ वाजून सहा मिनिटांनी सगळ्यांना मिळून एक उत्तर आलं. नागपूरचे कोणी जगदीश. "नमस्कार मंडळी. मलाही सांगितलं होतं, मी एकटाच आहे."